केस गळतायत, टक्कल पडतंय की चाई? आधी नीट ओळखा, मग बाटली विकत घ्या

खामगावात माझं सलून आहे, २४ वर्षं झाली, आणि माणसाच्या डोक्याची मागची बाजू त्याच्या स्वतःच्या आधी मला दिसते. कितीदा तरी असं होतं की पोरगं कटिंगला बसतं, मशीन मानेवरून वर घेतलं की कानामागे रुपयाच्या नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा दिसतो आणि त्याला पत्ताच नसतो. मी लगेच बोलत नाही, दुकानात चार लोक बसलेले असतात. कटिंग पूर्ण करतो, मग मागे छोटा आरसा धरतो आणि हळूच दाखवतो.

त्यानंतर काय होतं तेही मी इतकी वर्षं बघतोय. आधी तेल बदलतात, मग मोबाईलवर जाहिरात बघून शाम्पू मागवतात, मग कोणीतरी कांदा सांगतं कोणीतरी लसूण सांगतं, आणि सहा महिन्यांनी डॉक्टरकडे जातात. काही प्रकारात या सहा महिन्यांनी काहीच बिघडत नाही, केस आपोआपच येणार असतात. पण काही प्रकारात तेवढ्या वेळात केसांचं मूळच मरतं आणि मग जगातलं कुठलंच औषध ते उगवून देत नाही. म्हणून आधी ओळखायचं. मी डॉक्टर नाही, पण गिऱ्हाइकांना पाठवून पाठवून इथल्या स्किनच्या डॉक्टरांशी माझं बोलणं होत राहतं, त्यातून शिकलेलं आणि खुर्चीमागे उभं राहून बघितलेलं असं दोन्ही इथे लिहितोय.

आधी हे समजून घ्या की रोज केस गळणारच

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यातले रोज ५० ते १०० गळणं अगदी नॉर्मल आहे. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर, मग दोनेक आठवड्यांत त्याची वाढ थांबते, मग तो दोन-तीन महिने नुसता जागेवर बसून राहतो आणि शेवटी गळतो, आणि त्याच जागी नवीन येतो. ज्या बाया आठवड्यातून एकदाच डोकं धुतात त्यांना त्या दिवशी आठवड्याभराचे सुटलेले केस एकदम दिसतात, मोरीच्या जाळीत गुंता बघून घाबरतात, पण ते त्या एका दिवसाचे नसतात.

तो दोन-तीन महिने नुसता बसून राहण्याचा काळ डोक्यात पक्का ठेवा, अर्ध्या लोकांचा गोंधळ तिथेच होतो. आज केस गळतायत म्हणजे कारण आजचं किंवा कालचं नसतं, दोन-तीन महिन्यांपूर्वीचं असतं. पण माणूस मागच्या आठवड्यात बदललेल्या साबणाला दोष देतो.

पायरी पहिली: गळालेला केस उचलून बघा

उशीवरचे, कंगव्यातले दहा-बारा केस घ्या आणि पांढऱ्या कागदावर ठेवा, काळोखात नाही, खिडकीपाशी. केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसला तर तो मुळापासून, आपली वेळ भरून गळालेला केस आहे. ठिपकाच नाही, तुकडे लहानमोठे आहेत, तर केस गळत नाहीयेत, तुटतायत. तुटण्याचं कारण वेगळं असतं, रोजचं स्ट्रेटनिंग, ओल्या केसात जोरात कंगवा, कलर-ब्लीच, टॉवेलने खसाखसा पुसणं. यात मूळ शाबूत असतं, मारझोड बंद केली की नवीन केस चांगला येतो. बोअरच्या खारट पाण्याबद्दल मला रोज विचारतात, त्या पाण्याने केस राठ होतात, गुंततात, त्यामुळे तुटतातही, पण टक्कल पाण्याने पडत नाही.

मग ओढून बघायची एक साधी टेस्ट आहे. एक दिवस डोकं धुवू नका, दुसऱ्या दिवशी ५०-६० केसांची बट बोटांत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढत न्या, झटका द्यायचा नाही. दोन-चार आले तर ठीक. सहापेक्षा जास्त आले, आणि डोक्यावर दोन-तीन ठिकाणी तसंच झालं, तर गळती खरंच जास्त आहे.

पायरी दुसरी: कुठे गळतायत ते बघा, एकट्याने नाही जमत

घरातल्या कोणाला तरी फोटो काढायला सांगा. समोरून कपाळ, वरून भांग, मागून भोवरा, दोन्ही कानांच्या मागे. उजेड तोच, जागा तीच, केस कोरडे, आणि दर महिन्याच्या एकाच तारखेला. आरशात रोज बघून काहीच कळत नाही, रोज बघणाऱ्या डोळ्याला फरक दिसत नाही. फोटोत दिसतो, आणि डॉक्टरला पण हे फोटो सोन्यासारखे वाटतात.

आता त्या फोटोत काय दिसतं त्यावरून प्रकार.

चाई

गोल किंवा लांबट गोल चट्टा, एकदम गुळगुळीत, खाज नाही, पापुद्रा नाही, दुखत नाही, आठ-पंधरा दिवसांत अचानक झालेला. कडेला बारीक तुटके केस, वर जाड आणि मुळाशी निमुळते, उद्गारवाचक चिन्हासारखे. दाढीत, भुवईत पण पडते. कधी कधी नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात.

आपल्याकडे सगळ्यांना वाटतं की चाई म्हणजे केस खाणारा किडा आहे. नाहीये. चाईत आपल्याच शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करते, बस. म्हणून ती एकाची दुसऱ्याला लागत नाही, कंगव्याने नाही, टोपीने नाही, एका उशीवर झोपल्याने नाही. शाळेत चाई पडलेल्या पोराला वेगळं बसवतात हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, बाई-सरांनी हे तरी नक्की समजून घ्यावं.

माझ्या वडिलांचंही हेच दुकान होतं, आणि त्यांच्याकडे लोक चाई घासून घ्यायला यायचे. जाड कापडाने लाल होईपर्यंत घासायचं आणि वर कांद्याचा नाहीतर लसणाचा रस. मी पण तेच शिकलो. माझ्या मुलाला नऊ वर्षांचा असताना मागे चट्टा पडला तेव्हा मी स्वतः लसूण ठेचून लावला, रात्रभर पट्टी बांधून ठेवली, सकाळी तिथे पाण्याने भरलेला फोड होता, भाजल्यासारखा, आणि मग त्यात पू झाला. चाई राहिली बाजूला, आधी जखम बरी करायला तीन आठवडे गेले. डॉक्टरांनी मला एकच सांगितलं, जखमेचा व्रण खोल गेला असता तर तिथे केस कायमचे आले नसते. तेव्हापासून दुकानात कोणाची चाई घासत नाही, कितीही आग्रह केला तरी.

कांदा-लसणाने केस आले असं सांगणारे खोटं बोलत नाहीत बरं का. एखाद-दुसरा छोटा चट्टा असेल तर खूप जणांना वर्षभरात आपोआपच केस येतात. लसूण लावला म्हणून आले असं वाटतं एवढंच.

डॉक्टर लहान चट्ट्याला लावायचं स्टेरॉइड देतात, मोठ्या माणसाला त्या चट्ट्यातच बारीक सुईने इंजेक्शन देतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. इंजेक्शनच्या जागी कातडी थोडी खाली बसल्यासारखी दिसू शकते, बहुतेक वेळा ती हळूहळू भरते. चट्टे वाढत चालले, भुवया-पापण्या जायला लागल्या तर मात्र थांबू नका. आता त्यावर नवीन गोळ्या पण आल्यात, बॅरिसिटिनिब नावाच्या औषधाला अमेरिकेत जून २०२२ मध्ये या आजारासाठी मंजुरी मिळाली, पण ते रक्ताच्या तपासण्या करत, मोठ्या डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्यायचं औषध आहे. चाईवाल्यांनी थायरॉइडची टेस्ट एकदा जरूर करून घ्यावी, दोन्ही एकत्र असण्याची शक्यता जास्त असते.

नायटा, म्हणजे डोक्यातलं फंगल इन्फेक्शन

हे जास्त करून लहान मुलांत. चट्टा असतो पण गुळगुळीत नसतो, पापुद्रे निघतात, खाज असते, केस मुळाशी तुटून काळे ठिपके राहतात. हे मात्र लागतं! कंगवा, टॉवेल, टोपी, आणि हो, आमची मशीन आणि नॅपकिन. म्हणून ज्याच्याकडे मुलाची कटिंग करता त्याला बिनधास्त सांगा, भाऊ आधी मशीनचं ब्लेड पुसून घे, नवीन ब्लेड माझ्यासमोर लाव, धुतलेला नॅपकिन दे. राग येणाऱ्याकडे जाऊ नका.

नायट्यात नुसतं मलम लावून भागत नाही, फंगस केसाच्या मुळात शिरलेला असतो, तोंडाने गोळ्या घ्याव्याच लागतात आणि त्या सहा-आठ आठवडे चालतात. आठ दिवसांत खाज गेली म्हणून लोक सोडून देतात आणि महिन्याने परत हजर. मेडिकलवाल्याकडून तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब आणू नका, त्यात स्टेरॉइड असतं, खाज दबते आणि फंगस आतून पसरतो. डोक्यावर मऊ, पू भरलेली, दुखरी गाठ आली तर त्याच दिवशी डॉक्टर, त्याने कायमचा डाग राहू शकतो.

बघा ना, चाई आणि नायटा दोन्हीला लोक एकच समजतात आणि एकच औषध लावतात, जे एकाला चालतं ते दुसऱ्याला बिघडवतं.

पुरुषांचं टक्कल, आणि बायांचा रुंद होणारा भांग

कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकतात, भोवऱ्यावर विरळ होतं, मग दोन्ही एकत्र येतात आणि कानांच्या वरून मागे एक पट्टा राहतो. बायांमध्ये कपाळाची रेघ तशीच राहते, भांग रुंद होत जातो. हे हळूहळू, वर्षांमध्ये होतं. कारण आनुवंशिक, आणि डीएचटी नावाचं हार्मोन, ज्याने केसांची मुळं दरवेळी आधीपेक्षा बारीक केस उगवतात, शेवटी नुसती लव राहते. आईच्या वडिलांचं डोकं बघा असं म्हणतात ते अर्धंच खरं, दोन्हीकडून येतं. हेल्मेटने, टोपीने, वारंवार कटिंगने याचा काही संबंध नाही. आणि चकोट केल्याने केस दाट येतात हेही नाही, माझ्या हातून हजारो चकोट झाले असतील, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून जाड वाटतं.

बाईला विरळपणासोबत पाळी अनियमित आणि हनुवटीवर राठ केस असतील तर पीसीओएसची, म्हणजे बायांमधल्या हार्मोनच्या गडबडीची, तपासणी करावी.

यावर दोनच औषधांचा भरपूर अनुभव आहे. मिनॉक्सिडिल, हे आधी बीपीची गोळी होतं, ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले म्हणून १९८८ मध्ये अमेरिकेत डोक्याला लावायला मंजूर झालं. आणि फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम गोळी, १९९७ पासून, पुरुषांसाठी. मिनॉक्सिडिल कोरड्या डोक्याला, केसांना नाही तर कातडीला लावायचं, मग हात धुवायचे आणि सुकल्यावरच उशीवर डोकं टेकायचं. घरात मांजर असेल तर तिला ते चाटू देऊ नका, मांजरीला ते विष आहे. पहिल्या एक-दोन महिन्यांत उलट जास्त केस गळतात, लोक तिथेच घाबरून सोडतात, ते जुने केस जागा सोडत असतात. चार ते सहा महिन्यांआधी निकाल मागू नका, आणि बंद केलं की मिळालेलं काही महिन्यांत परत जातं, म्हणजे हे कायमचं ठरवूनच सुरू करायचं. फिनास्टेराइडने काही थोड्या पुरुषांना लैंगिक तक्रारी, उदासपणा येतो, म्हणून लाज न बाळगता आधी डॉक्टरशी बोला आणि ऑनलाइन मागवू नका. गरोदर बाईने त्या गोळीचा चुरा हाताळू पण नये, आणि गरोदरपणात किंवा अंगावर दूध पाजताना मिनॉक्सिडिलही नाही.

ताप, बाळंतपण, डाएट यानंतरची गळती

सगळ्या डोक्यावरून सारखे, मूठमूठ केस, पण कुठे चट्टा नाही. मागे मोजा, दोन-तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? डेंगू, टायफॉइड, चिकनगुनिया, कोविड, ऑपरेशन, बाळंतपण, लग्नासाठी केलेलं उपाशी डाएट, घरातला मोठा धक्का. माझ्या मुलीला टायफॉइड झाला होता, बरी होऊन अडीच महिने झाले आणि एकदम वेणी अर्धी झाली. कारण कळलं की भीती अर्धी कमी होते, कारण हे बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या आत थांबतं आणि केस परत येतात. ओल्या बाळंतिणीला केस गळतात म्हणून टोमणे मारू नका, तिला अळिवाचे लाडू द्या, अंडी द्या, झोपू द्या. सहा महिन्यांवर गेलं तर हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, बी-१२, व्हिटॅमिन डी तपासा. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, हिमोग्लोबिन ठीक असूनही तो रिकामा असू शकतो, पाळी जास्त जाणाऱ्या बायांमध्ये तर हमखास. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर टेस्टच्या आधी डॉक्टरला सांगा, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

ओढून बांधल्यामुळे जाणारे केस वेगळे. घट्ट अंबाडा, घट्ट पोनी, लहान मुलींच्या ताणून घातलेल्या दोन वेण्या, कपाळाच्या कडेने आणि कानापाशी केस विरळ होतात. लवकर सैल केलं तर परत येतात, वर्षानुवर्षं चाललं तर येत नाहीत. शाळेला सांगा, रिबीन बांधू पण सैल बांधू.

आणि एक, ज्यात सगळ्यात जास्त घाई हवी. चट्टा चकचकीत, कातडीवर छिद्रंच दिसत नाहीत, आग होते, दुखतं, कडेला लालसर-जांभळट रंग. यात मुळं मरून डाग बनत असतो. गेलेले केस येत नाहीत, राहिलेले वाचवायचे असतात. कातडीचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो, घाबरू नका त्याला.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात झालं ते

डिसेंबर २०२४ च्या शेवटी आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक जायला लागले, आधी खाज, मग हात फिरवला की केस हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, पोरं, म्हातारे, सगळे. लोक त्याला टक्कल व्हायरस म्हणायला लागले. आमच्या धंद्यातले काही जण त्या गावच्या माणसाला खुर्चीत बसवायला घाबरत होते, लग्नाळू पोरींच्या आयांच्या डोळ्यांत पाणी होतं. आधी फंगस म्हणाले, मग पाणी म्हणाले, आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची, टीम येऊन नमुने घेऊन गेली. पुढे विंचूदंशावर काम केलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तपासण्या करून सांगितलं की लोकांच्या शरीरात सेलेनियम खूप जास्त आणि झिंक कमी आहे, आणि त्यांनी बोट दाखवलं रेशनच्या गव्हाकडे.

सेलेनियम शरीराला थोडंसं लागतंच, पण जास्त झालं की केस आणि नखं जातात. व्हिटॅमिन ए चं पण तेच. म्हणून केसांसाठी म्हणून तीन-तीन प्रकारच्या गोळ्या एकत्र खाणाऱ्यांनी मागचं लेबल वाचा, तेच घटक तिन्हीत असतात. आणि एका गावात, एका घरात अनेकांचे केस एकदम गेले तर तेल-शाम्पू न बघता सरळ प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, गहू-पाण्याचा नमुना फेकू नका.

डॉक्टरकडे जाताना

स्किनचे डॉक्टर, एमडी किंवा डीडीव्हीएल (चर्मरोगाचा डिप्लोमा) असलेले. सरकारी जिल्हा रुग्णालयातही चर्मरोग ओपीडी असते. तेल न लावता जा, कलर करून जाऊ नका, बाया असतील तर केस मोकळे सोडता येतील असे. सोबत महिन्यांचे फोटो, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी (बीपी, फिट्स, रक्त पातळ करायच्या काही गोळ्यांनी केस गळतात, पण मनाने बंद करू नका), आणि मागच्या सहा महिन्यांत झालेली आजारपणं कागदावर लिहून. हेअर ट्रान्सप्लांटची घाई नको, त्यात मागचे केस पुढे लावतात, नवीन केस तयार होत नाहीत, मागचा साठा मर्यादित असतो, आणि विशीत केलं तर उरलेले केस पुढे जातच राहतात. ऑपरेशन कोण करणार, डॉक्टर स्वतः की दुसरं कोणी, हा प्रश्न तोंडावर विचारा.

रोजचं

तेल आवडत असेल तर लावा, केस कमी तुटतात, पण तेलाने केस उगवत नाहीत आणि कोंडा असेल तर तेल टाळा, कोंड्यातला फंगस त्यावर पोसतो. कोंड्याला केटोकोनाझोल २ टक्केवाला शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस करून पाच मिनिटं ठेवायचा, लगेच धुतला तर उपयोग नाही. डोकं धुतल्याने केस गळत नाहीत, सुटलेलेच निघतात. खाण्यात ६० किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं, नुसत्या भाजी-पोळीत ते होत नाही, मटकीची उसळ, डाळ, दही, शेंगदाणे, अंडं असं काहीतरी दोन्ही वेळा हवं. उसळीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा नको, तो ते अडवतो.

चाईवर केस परत यायला लागतात ना तेव्हा पहिले केस बारीक आणि पांढरे येतात. परवाच एक आई घाबरून आली, म्हणे दहा वर्षांच्या पोराला म्हातारपण आलं. मी तिला भिंग देऊन दाखवलं, पांढऱ्यांच्या मुळाशी दोन-तीन काळे दिसत होते. बहुतेकांचे पुढे काळे होतात. त्या पोराचे आजूबाजूचे केस मी थोडे लांब ठेवलेत, चट्टा झाकेल एवढे, आणि महिन्याने परत बोलावलंय.